मोबाईलमधल्या तबल्याला डग्गा नसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "लहानपणी गाण्याच्या चार परीक्षा दिल्या, मग वीस वर्षं सगळं बंद. आता विट्यात राहते. इथं रोज साथीला कोण येणार? म्हणून मोबाईलवर तबला-तानपुऱ्याचं ॲप किंवा भावगीतांचे कराओके ट्रॅक लावून गाते. घरी सगळं बरोबर येतं. परवा हळदीकुंकवाला खऱ्या तबल्याबरोबर बसले आणि दोन्ही गाण्यांत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली. ॲपनं सवय बिघडवली का? बंद करू का?"

ताई, बंद करू नका. आधी एक गंमत करून बघा.

मोबाईल टेबलावर ठेवा, ॲपमध्ये मध्य लयीचा त्रिताल लावा आणि स्क्रीन पालथी घाला. स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवा. पाच मिनिटांनी परत या आणि नुसतं ऐकून सांगा, सम कुठली? बराच वेळ उभं राहावं लागेल. आता हेडफोन लावून तेच ऐका. दोन आवर्तनांत, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांत, सम सापडेल.

याचं कारण साधं आहे. त्रितालाचा ठेका तुम्ही परीक्षेला पाठ केलेला असणारच: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. धा म्हणजे उजव्या हाताचा ता आणि डाव्या हाताचा डग्गा एकदम. धिं म्हणजे तिं अधिक डग्गा. डग्ग्याचा घुमारा अगदी खालचा, शंभर हर्ट्झच्या आसपासचा, आणि मोबाईलच्या नखाएवढ्या स्पीकरला तो पेलत नाही. तो गाळून टाकतो. मग त्या ठेक्याचं काय उरतं बघा: ता तिं तिं ता, ता तिं तिं ता, ता तिं तिं ता, ता तिं तिं ता. चारही खंड जुळ्या भावांसारखे! भरी (डग्ग्यासह वाजणारा भाग) कुठली, खाली (डग्ग्याशिवायचा) कुठली, काही पत्ता लागत नाही. केरव्याचंही तेच. धा गे ना ती न क धी न मधला 'गे' तर पार गायब होतो, कारण तो निव्वळ डग्ग्याचाच बोल आहे.

म्हणजे तुम्ही इतके महिने खाली-भरी न ऐकताच गात होता. तरी घरी बरोबर यायचं, कारण तुम्ही स्क्रीनवरचा पळणारा ठिपका बघत होता, किंवा ॲप सुरू केलं की लगेच पहिल्या मात्रेपासून मोजत होता. हळदीकुंकवाला ठिपका नव्हता. तबलजींनी डग्ग्यावरची मींड (घुमारा घसरवत नेणं) घेऊन सम दाखवली असणार, पण त्या खुणेची तुमच्या कानाशी ओळखच नव्हती.

मी सांगलीत पेटी वाजवतो. भजनाच्या साथीपासून नाट्यगीतांच्या बैठकीपर्यंत सगळीकडे जातो आणि घरी पाच-सहा जणांना सुगम शिकवतो. हे डग्ग्याचं प्रकरण मला एका विद्यार्थिनीमुळे कळलं. तिची दादऱ्यातली दुसरी ओळ दर वेळी तीन मात्रा आधी यायची, म्हणजे अगदी बरोबर अर्धं आवर्तन. मला वाटलं, श्वासाचं काहीतरी आहे. दोन आठवडे मी तिला श्वास कुठं घ्यायचा तेच सांगत बसलो. मग एकदा तिचा मोबाईल माझ्या पेटीवर ठेवला, ती जसं ऐकत होती तसं ऐकलं, आणि डोक्यात प्रकाश पडला. त्या आवाजात पहिली मात्रा आणि चौथी मात्रा सारखीच लागत होती. तिला पाचशे-सातशे रुपयांचा, जरा पोट असलेला स्पीकर घ्यायला सांगितला. पुढच्या गुरुवारी ओळ जागेवर आली. तिला जेवढा आनंद झाला त्याहून मला जास्त झाला असेल.

तेव्हा पहिलं काम म्हणजे स्पीकर. तो होईपर्यंत हेडफोन, पण एकाच कानाला. दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा ठेवा.

दुसरं काम हाताचं. ॲपमधला ठेका शंभर आवर्तनं वाजला तरी शंभरही वेळा तोच असतो. माणूस तसं वाजवत नाही. तुम्ही मुखडा दुसऱ्यांदा घेतला की तो मात्रा भरतो, अंतऱ्याच्या आधी छोटीशी तिहाई (एकच तुकडा तीनदा) टाकतो, शेवटी लग्गी (जलद, खेळकर बोल) लावतो आणि मग 'धा गे ना ती' ऐकूसुद्धा येत नाही. ठेक्याचे बोल ऐकून सम धरणारा गायक अशा वेळी हमखास सुटतो. हातानं ताल धरणारा सुटत नाही. परीक्षेला आपण हातावर टाळी-खाली देत होतो ना, तेच परत सुरू करा. मांडीवर द्या, कुणाला दिसतही नाही. मोठमोठे गायक मैफलीत तेच करत असतात, बघा एकदा नीट.

हात बसला की हा खेळ करा. ॲपवर ठेका लावून गायला लागा, दोन ओळी झाल्या की आवाज पूर्ण खाली न्या. ॲप बंद नाही करायचं, फक्त आवाज शून्यावर. गात राहा, हातानं ताल देत राहा, चार आवर्तनं झाली की आवाज परत वर आणा. बरोबर समेवर भेटलात तर त्या दिवशी स्वतःला काहीतरी गोड करून खा. पुढे निघालेल्या असाल तर कुठल्या ओळीत घाई झाली ते शोधा. माझ्या अनुभवात ती जागा बहुतेक वेळा एकच असते: लांब स्वर संपवून पुढचा शब्द घेताना. धरलेला स्वर आपल्याला जास्त लांब वाटतो, म्हणून आपण तो कापतो. आवाज शून्यावर न्यायची ही सोय जिवंत तबलजी देणार नाहीत, ती ॲपचीच. त्या एका गोष्टीसाठी मला ही सॉफ्टवेअरं मनापासून आवडतात. ती कंटाळत नाहीत, रात्री अकरा वाजता तयार असतात, आणि चाळीस वेळा तीच ओळ घेतली तरी घड्याळाकडे बघत नाहीत.

आता कराओके. इथं मात्र मी गाणं बघून उत्तर देईन.

अभंग, आरती, गौळण असलं काही असेल तर तयार ट्रॅक चालतो. तिथं ठेका चक्रासारखा फिरत असतो आणि गाणारा त्यात शिरतो. बरेचसे साठ-सत्तरच्या दशकानंतरचे सिनेमातले प्रकार चालतात, कारण त्यांची बांधणीच वाद्यवृंदाला धरून असते. जुनी भावगीतं चालतात, पण जपून. त्या काळी गायक आणि वादक एकाच खोलीत बसून एका दमात ध्वनिमुद्रण करायचे, तेव्हा ओळ संपताना लय केसभर रेंगाळायची आणि अंतऱ्याला केसभर सरकायची. कराओके करणारा तेच गाणं संगणकावर एका ठोक्याला बांधतो, इस्त्री केल्यासारखं. मूळ गाणं ऐकून तुम्ही जिथं रेंगाळता, तिथं ट्रॅक पुढं गेलेला असतो. चूक तुमची नसते आणि त्याचीही नसते.

नाट्यगीत आणि लावणी मात्र ट्रॅकवर गाऊ नका, असं मी हात जोडून सांगतो. नाट्यगीताचा मुखडा किती वेळा घ्यायचा हे गाणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मनावर असतं. समोरून दाद आली की आणखी एक तान, मग पेटीवाला ती उचलतो, मग तबला त्यावर काही बोलतो. ट्रॅक साडेतीन मिनिटांनी संपतो! लावणीत शब्दावर थबकायचं असतं, आणि ती थबकण्याची जागा ढोलकीवाल्याला डोळ्यांनी कळवायची असते. तेवढा वेळ ट्रॅक थांबत नाही, म्हणून लोक थबकायचंच सोडून देतात आणि लावणीतला नखरा निघून जातो. मला त्याचं फार वाईट वाटतं.

कराओकेची आणखी एक खोड सांगतो. दोन अंतऱ्यांच्या मध्ये बासरीचा किंवा व्हायोलिनचा तुकडा असतो. आपण मात्रा मोजतच नाही, बासरीचा शेवटचा सूर ऐकला की तोंड उघडतो. हळदीकुंकवाला बासरी कुठून येणार? म्हणून एकदा कागद घेऊन बसा आणि तो तुकडा किती आवर्तनांचा आहे ते मोजून लिहून ठेवा. एकदाच करायचं काम आहे.

तानपुऱ्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मिरज शेजारी असताना त्याबद्दल न बोलता कसं पुढं जाऊ? ॲपमधला तानपुरा खऱ्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण असेल तर उत्तम आहे. ऐकायची खूण सांगतो. सगळं शांत करा, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार वाजल्यावर तिच्या शेपटीत लक्ष द्या. तिथं कुणी न छेडलेला एक गंधार (ग) उमटतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा तो सूर. जवारी, म्हणजे तार घोडीवर टेकते तिथली जुळणी, चांगली लावलेली असेल तर तो आपण होऊन कानात येतो. मिरजेत सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराला घोडीवर सुताचा दोरा तारेखाली पुढं-मागं सरकवताना बघा: दोरा एका जागी आला की नुसती ठण्ण वाजणारी तार एकदम फुलते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हातांमुळे.

हा गंधार आणि पेटीचा गंधार एक नाही. पेटी किंवा कीबोर्डवर अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले, तर तिथला शुद्ध गंधार स्वयंभूपेक्षा चौदा भाग चढा असतो. पेटीवाला असूनही मी हे सांगतो, कारण खरं आहे. आणि हा वाद आपल्याच मुलखात शंभर वर्षांपूर्वी फार जिवाभावानं झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर आणि ई. क्लेमंट्स हे ब्रिटिश सरकारच्या आयसीएस सेवेतले न्यायाधीश, दोघेही श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांच्या, मागं लागलेले. देवलांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक 1910 चं. 1911 मध्ये साताऱ्यात दोघांनी फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया काढली आणि लंडनहून खास श्रुतींची पेटी बनवून घेतली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना श्रुती गाऊन दाखवल्या होत्या. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्या पेटीवर मोठी चर्चा झाली आणि ती सगळ्यांना काही पटली नाही. पुढे 1940 मध्ये रेडिओनं साध्या पेटीलाच बंद केलं, ते तीसेक वर्षं. साथीचं यंत्र कसं असावं म्हणून इतकी धडपड केलेली ही माणसं मला फार जवळची वाटतात. खाँसाहेब मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. उरुसात तिथं रात्रभर गाणं चालतं, एकदा याच.

तुमच्यापुरतं यातलं एवढंच घ्या: सूर लावताना फक्त तानपुरा लावा, कीबोर्डचे तयार कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) नकोत. कॉर्ड टाइप केले की अख्खा बँड वाजवून देणारी सॉफ्टवेअरं 1990 च्या सुमारापासून आहेत आणि मला त्यांच्याशी खेळायला आवडतं. माझ्याकडच्या एकावर मी यमनमधलं एक भावगीत बसवायला गेलो होतो. षड्जाचा कॉर्ड दिला, पंचमाचा दिला, सगळं छान. आणि मधल्या बेसनं (खालच्या सुरांच्या साथीनं) सा रे ग म प करत मजेत शुद्ध मध्यमावर पाय ठेवला! यमनमध्ये मध्यम तीव्र असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग रिषभावरचा मेजर कॉर्ड मध्ये घातला, त्यात तीव्र मध्यम येतो, आणि बेस सरळ झाला. संध्याकाळ मोडली, पण गाणं गोड झालं.

आता कार्यक्रमाचं. विट्यात रोज तबलजी नसतील, पण भजनी मंडळं आहेत, आणि प्रत्येक मंडळात पखवाज किंवा तबला वाजवणारे कुणी काका असतातच. महिन्यातून एकदा त्यांच्याबरोबर तासभर बसा. पहिलं गाणं सुरू करायच्या आधी म्हणा, "काका, दोन आवर्तनं नुसता ठेका द्या." यावर कुठलाही तबलजी रागावत नाही, उलट खूश होतो. आणि ती दोन आवर्तनं त्यांच्या डाव्या हाताकडे बघत बसा.