उणे पावणेतीन म्हणायला हरकत कसली?

प्रश्न असा आहे: मुलीकडून धन आणि ऋण अपूर्णांकांची, दशांशांची उदाहरणं करून घेताना −२.७५ ही संख्या आली. मुलगी म्हणाली ‘मायनस दोन पॉइंट पंच्याहत्तर’, आजोबा म्हणाले ‘उणे पावणेतीन’, आणि शिकवणीच्या बाईंनी सांगितलं की पावणे, सव्वा, साडे हे शब्द ऋण संख्यांना लावायचेच नसतात. मग नेमकं म्हणायचं काय? ऋण, वजा की उणे?

आजोबांचं बरोबर आहे. बाईंचा नियम कुठल्या व्याकरणातही नाही आणि कुठल्या गणितातही नाही.

आधी मुलीचं वाचन बघू, कारण ते मला रोज ऐकावं लागतं आणि दर वेळी खटकतं. ‘मायनस’बद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘पॉइंट पंच्याहत्तर’बद्दल. दशांशचिन्हानंतरचे ७ आणि ५ मिळून पंच्याहत्तर होत नाहीत. ते सात दशांश आणि पाच शतांश आहेत. पंच्याहत्तर म्हणायचंच असेल तर पुढे ‘शतांश’ जोडा, नाहीतर सरळ ‘सात पाच’ म्हणा. ‘पॉइंट पंच्याहत्तर’ आणि ‘पॉइंट आठ’ असं ऐकलेल्या मुलाला २.७५ ही २.८ पेक्षा मोठी वाटते, कारण पंच्याहत्तर आठापेक्षा मोठे. ऋण चिन्ह आलं की त्या चुकीवर आणखी एक चूक चढते. −२.७५ आणि −२.८ यांतली मोठी −२.७५ आहे. हे उत्तर मूल कधीकधी बरोबर देतं, पण कारण चुकीचं असतं, आणि ती चूक मग वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

आता तीन शब्द. ‘ऋण’ हे संख्येच्या जातीचं नाव. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्त या ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम दिले, तेव्हापासून ते चालत आलं आहे. ‘वजा’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. त्यात काढून टाकण्याची क्रिया आहे, म्हणूनच ‘वजा करणे’ म्हणतात. तो परका म्हणून हाकलून द्या म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, कारण त्याचं काम त्याला नेमकं साधतं. ‘उणे’ मात्र क्रिया नाही, अवस्था आहे. −१.५ − (−२.७५) हे ‘उणे दीड वजा उणे पावणेतीन’ असं वाचलं की संख्येचं चिन्ह कुठलं आणि करायची क्रिया कुठली, हे कानालाच कळतं. उत्तर सव्वा. हेच ‘मायनस वन पॉइंट फाइव्ह मायनस मायनस टू…’ असं म्हणून बघा.

आणि आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो, तो शब्द: ऊन. उन्हाळ्यातलं नव्हे, ते ‘उष्ण’पासून आलं. हा संस्कृत ‘ऊन’ म्हणजे कमी असलेला, अपुरा. लॅटिनमधला ‘वानुस’, म्हणजे रिकामा, हा त्याचा दूरचा भाऊ. मराठीत या ऊनाने केवढं घर केलंय! उणे, उणा, उणीव तर झालेच. एकोणीस म्हणजे एकोनविंशति, एकाने उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस करत आपण थेट एकोणनव्वदपर्यंत जातो. हिंदी ‘नवासी’वर येऊन ही रीत सोडते, आपण नव्व्याण्णवला सोडतो. आणि पाऊण? पाद अधिक ऊन, पादोन. पाद म्हणजे चौथा भाग, तेवढ्याने उणा. पावणेतीन म्हणजे पावाने उणे तीन. म्हणजे ज्याला ‘पावणे’ म्हणता येतं, तो ३ − ¼ ही वजाबाकी बोलतच असतो. ऋण अपूर्णांक शाळेत येण्याच्या कितीतरी आधी तो मुलाच्या तोंडात येऊन बसलेला असतो. दीड आणि अडीच यांची कुळकथा वेगळी आहे, तिच्यात आत्ता शिरत नाही.

‘हे बोलीतले शब्द, शास्त्रात पूर्णांक-छेदच म्हणा’ असं सांगणाऱ्यांसाठी भास्कराचार्यांचा लीलावती हा इ. स. ११५० मधला गणितग्रंथ उघडतो. तिथे अपूर्णांकांच्या दोन जाती स्वतंत्र मांडल्या आहेत. पूर्ण संख्येत भाग मिळवला तर भागानुबंध, काढला तर भागापवाह. आणि उदाहरण कुठलं घेतलंय? ‘साङ्घ्रिद्वयं त्रयं व्यङ्घ्रि’. अंघ्रि म्हणजे पाय, म्हणजेच पाद. पावासकट दोन आणि पावाविना तीन: सव्वादोन आणि पावणेतीन! दोन्हींचे एकजिनसी अपूर्णांक करा, असं विचारलंय. उत्तरं ९/४ आणि ११/४. आपल्या प्रश्नातली संख्या तिथे जशीच्या तशी उभी आहे, फक्त चिन्हाविना. सव्वा हा भागानुबंध, पावणे हा भागापवाह. याहून शास्त्रीय आणखी काय हवं?

याच्याही आधीचा एक पुरावा मला फार प्रिय आहे. पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ मध्ये भूर्जपत्रांवरचं एक गणिताचं हस्तलिखित सापडलं. त्यात अपूर्णांकाला आडवी रेघ नाही, अंशाखाली छेद नुसता लिहिलेला असतो. उणेपणाची खूण संख्येच्या नंतर येते, आणि ती खूण आहे फुली: ‘+’! आपण ज्याला अधिक म्हणतो, तेच चिन्ह तिथे उणे दाखवतं. ही फुली आली कुठून? गणिताचे इतिहासकार बिभूतिभूषण दत्त म्हणतात, ‘क्षय’मधल्या क्षपासून, कारण हस्तलिखितात क्षय हा शब्द आलेला आहे. हस्तलिखिताचा आधी अभ्यास केलेल्या हर्नले यांनी ‘कनित’चा (म्हणजे कमी केलेला) क किंवा ‘न्यून’चा नु सुचवला होता. दत्तांचं नाव मोठं, पण त्यांचा युक्तिवाद मला पटत नाही. मजकुरात एखादा शब्द आला म्हणून खूणही त्याच शब्दातून निघाली, असं ठरत नाही. खुणा नकलांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात, लेखकाच्या वेळचा शब्द त्यांच्याहून नवा असू शकतो. शिवाय जुन्या लिपीतल्या क्षची फुली करायला त्याचा फाटा छाटावा लागतो. माझा कौल न्यूनला. न्यून म्हणजे नि अधिक ऊन. तसं असेल तर बख्शालीची फुली, एकोणीसमधला ण आणि पावणेतीनमधला णे हे एकाच शब्दाचे अवशेष ठरतात. हे माझं मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण ते मी सहजासहजी सोडणार नाही.

बरं, मुलीच्या उदाहरणांकडे. ‘उणे दोन पूर्णांक तीन छेद चार’ वाचताना मुलं हमखास उणे फक्त दोनाला चिकटवतात आणि ¾ मिळवून मोकळी होतात: −२ + ¾, म्हणजे उणे सव्वा. चूक. उणे सगळ्या संख्येला लागतं. पावणेतीनातही सावध राहायचं, उणे तीन आणि वर आणखी पाव उणे असं केलं तर उणे सव्वातीन होतात. कंस मनात धरायचा: −(३ − ¼). कंस सुटला की आतला उणे पाव हा अधिक पाव होतो. संख्यारेषेवर −३ वर बोट ठेवायचं आणि पाव घर शून्याकडे सरकायचं.

हे एकदा बसलं की हिशेब तोंडी होतात. −२.७५ + ३.५ घ्या: उणे तीन, अधिक पाव, अधिक साडेतीन. तीनाला तीन गेले, पाव आणि अर्धा उरले, पाऊण. −२.७५ × ४ घ्या: तीन चोक बारा, ते उणे, पाव चोक एक, तो अधिक, उणे अकरा. लीलावतीतल्या ११/४ ला चारने गुणून, चिन्ह लावून ताळा पाहा. तीच उदाहरणं मुलीला आधी ‘पॉइंट सात पाच’ म्हणत कागदावर करू द्या आणि मग ‘पावणे’ म्हणत तोंडी. बाईंनाही ऐकवा.