निरांजन वरच्या फळीवर

अगं, दोन लहान पोरं असताना तासभर पूजा होत नाही म्हणून रडू नकोस. माझ्या धाकटीनं निरांजनातली वात तोंडात घातली, त्या दिवशी देव्हारा वरच्या फळीवर गेला. तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरीही मी 5 वर्षं सोडली. त्र्यंबकेश्वर नाशिकहून 28-30 किलोमीटर, कुठे पळून जातंय? दिवेलागणीला शुभंकरोति मात्र म्हणा, चुकतमाकत का होईना.

नवऱ्याशी धुसफुस करत बसू नकोस. 'आज आंघोळ तू घाल' असं सरळ सांग. आमच्या ह्यांना ते उमगायला दोन वर्षं लागली, मला सांगायला चार!

रविवारी सकाळी लवकर काळारामाला जा. त्या 40 खांबांच्या सभामंडपात पोरं लपाछपी खेळतात. खेळू देत.