काकूंच्या हातून बुंदीची शेपूट तुटली

मी समुपदेशनाचं काम करते. काकूंनी फोनवर वेळ मागितली तेव्हा "घरातल्या एकाला लागलंय, माझ्यामुळे" एवढंच सांगितलं, मला वाटलं सासूबाई पडल्या असतील. प्रत्यक्षात आल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरलेली, पाच मिनिटं पावसाबद्दल बोलल्या आणि मग म्हणाल्या, "मॅडम, हसणार नाही ना तुम्ही, पाल आहे ती."

(त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला त्यांचं जुनं घर. मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि जाताना त्याची लेपर्ड गेको आईच्या स्वाधीन करून गेला. ही आपल्या भिंतीवरच्या पालीची लांबची नातलग, पण हिला पापण्या असतात, डोळे मिटून झोपते, आणि पायाला चिकटणारे तळवे नसतात त्यामुळे काचेवर चढता येत नाही. अंगभर ठिपके म्हणून नाव बुंदी. नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते, म्हणजे मुलाची डिग्री, नोकरी, लग्न सगळं होईपर्यंत ही घरात. काकूंना आधी पालीची शिसारी, पहिला महिना चिमटा लांब धरून तोंड फिरवून किडे घालायच्या. मग कधीतरी ती त्यांच्या तळहातावर येऊन बसली, गरम तळहात आवडला असावा, आणि तेव्हापासून दिवेलागणीला देवासमोर दिवा लावला की दुसरं काम बुंदीचं.

त्या संध्याकाळी त्या काचेची पेटी साफ करत होत्या, फोन स्पीकरवर, बहिणीशी बोलणं चालू. सरकतं दार लावताना अडकल्यासारखं वाटलं म्हणून जरा जोर दिला. बुंदी आत पळाली आणि शेपूट बाहेर फरशीवर पडली, वळवळत. "मॅडम, दोन-चार मिनिटं हलत होती हो ती, मी नुसती बघत उभी." दोन आठवडे झाले होते, डोळे मिटले की तेच दिसायचं. झोप तुटक, आणि पेटीला हात लावायचा म्हटलं की हाताला घाम, त्यामुळे सगळं आता काकांवर.

आता माझ्याकडून काय चुकलं ते सांगते, कारण ही चूक आपण सगळेच करतो. मी लगेच म्हणाले, "काकू, पालीची शेपूट परत येते की." खरं होतं, धीर द्यायलाच म्हणाले. त्यांनी मान डोलावली, "हो, डॉक्टरही तेच म्हणाले," आणि त्या दिवशी पुढे काही बोलल्याच नाहीत. घरी काका तेच म्हणत होते, शेजारच्या बेन म्हणाल्या होत्या "गरोळी माटे आटलुं बधुं?" (पालीसाठी एवढं सगळं?), सासूबाईंनी जुन्या पंचांगातलं पल्लीपतनाचं (अंगावर पाल पडण्याच्या शकुनांचं) कोष्टक आठवून अपशकुन की काय अशी कुजबुज केली, आणि आता पैसे घेऊन ऐकणारी मीसुद्धा त्याच रांगेत. माहिती बरोबर असली तरी ती इतक्या लवकर दिली की ऐकणाऱ्याला "विषय संपव" असंच ऐकू येतं. ज्या दुःखाला आजूबाजूचे दुःख म्हणून मोजतच नाहीत त्याच्यावर केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये लिहिलं, त्यात पाळीव प्राण्यांचं दुःखही येतं. आणि प्राणी जिवंत असेल तर अजून अवघड, रडायलाही कारण पुरत नाही.

पुढच्या वेळी मी फक्त विचारलं, "शेपूट हलत होती तेव्हा तुमच्या मनात काय आलं?" खूप वेळ गप्प, मग म्हणाल्या, "की तिला दुखतंय आणि ती मला बोलावतेय." तेव्हा कुठे रडल्या. मग मी सांगितलं, आणि आता ते ऐकू गेलं, की तुटलेला तुकडा त्याच्या आतल्याच मज्जातंतूंवर हलतो, त्याचा बुंदीच्या मेंदूशी संबंध उरलेला नसतो. शिकाऱ्याने हलत्या शेपटीकडे बघावं आणि पालीने पळावं, एवढ्यासाठी ती सोय. शेपटीत तुटायच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, तुटल्यावर स्नायू आवळतात म्हणून रक्तही फार जात नाही. बुंदीला दुखलंच नसेल असं मात्र मी म्हणाले नाही, ते मी कशाच्या जोरावर म्हणणार?

"माझ्याच हातून झालं" हे त्या शंभरदा म्हणायच्या. अशा वेळी "तुमची काही चूक नाही" म्हणून मोकळं होऊ नये असं माझं मत आहे, समोरच्याला ते खोटं आहे हे कळतं. आम्ही कागदावर एक मोठी पोळी काढली आणि तिचे तुकडे पाडले, कशाकशामुळे झालं त्याचे. दाराची खाच महिनाभर ढिली होती, मुलगा "दिवाळीत आलो की बघतो" म्हणाला होता. वेळ तिन्हीसांजेची, आणि हे प्राणी नेमके तेव्हाच बाहेर येतात, हे काकूंना कोणी सांगितलेलंच नव्हतं. घाबरली की बुंदी स्वतःच शेपूट सोडते, हा एक तुकडा. आणि फोन. फोनचा तुकडा त्यांनी स्वतः काढला, चांगला मोठा, साधारण तिसरा हिस्सा, आणि मी तो लहान करायला सांगितलं नाही.

मग मिनिटामिनिटाने प्रसंग सांगायला लावला, अट एकच, दार लावताना जे माहीत होतं तेवढंच बोलायचं. दार लावायच्या आधी त्यांनी आत बघितलं होतं! बुंदी तिच्या खोपटात होती. हे त्या स्वतःच विसरल्या होत्या. निकाल कळल्यावर "हे तर आधीच कळायला हवं होतं" असं वाटायला लागतं, बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये हे प्रयोगातून दाखवलंय, पण काकूंना त्यांच्या नावाने काय फरक पडणार, त्यांना फरक पडला तो "अगंबाई, मी बघितलं होतं की" या वाक्याने.

खरी गाठ वेगळीच होती. मुलाला सांगितलंच नव्हतं. तो रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचा, "बुंदी दाखव ना," आणि काकू म्हणायच्या झोपलीये, आणि नंतर जुने फोटो पाठवायच्या. झोप न लागण्यात शेपटीपेक्षा याचा वाटा मोठा होता असं मला वाटतं. म्हणाल्या, "परीक्षा झाल्यावर सांगते." मी विचारलं, "त्याने तुमच्यापासून असं लपवलं असतं तर?" उत्तर आलं नाही, पण कागद घेतला. पहिला मसुदा दीड पान, त्यात बुंदीचं नाव शेवटच्या ओळीत. मी म्हणाले घटना पहिल्या वाक्यात टाका, नाहीतर तो दीड पान श्वास रोखून वाचेल. शेवटी गेला तो मेसेज असा: "बुंदीची शेपूट दारात अडकून तुटली, माझ्या हातून, १७ दिवस झाले. तुला लगेच सांगितलं नाही ते चुकलं. डॉक्टरांना दाखवलंय, खातेय. फोन कर."

फोन आला नाही, दोन दिवस. ते दोन दिवस काकूंनी कसे काढले ते मला माहितीये, रोज एकदा फोनवर बोलत होतो. झोप-जेवण असं आठवडेच्या आठवडे उडालं किंवा जगणं नको वाटायला लागलं तर घरातल्यांच्या समजुतीवर थांबू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि फुकट आहे. काकूंना तशी वेळ आली नाही. पण त्यांना मी रिकामं बसू दिलं नाही. डॉक्टरांनी (दोघांनी "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो" सांगितलं होतं, हे तिसरे) जी कामं दिली होती ती काकांकडून परत काकूंकडे आली. पेटीतली माती काढून साधा टिश्यूपेपर, तो रोज बदलायचा म्हणजे जखमेत कण जात नाहीत, गरम बाजू ३२ अंशांच्या आसपास, जखम काळी पडली, सुजली, पू आला किंवा खाणं सोडलं तर लगेच आणायचं. शेपूट तुटली त्या दिवशी काकूंनी घाईत हळद लावली होती, डॉक्टरांनी ती धुऊन काढली, पुन्हा सांगितल्याशिवाय काही लावू नका म्हणाले. आणि चरबीचा साठा शेपटीतच असतो, तोच गेला, म्हणून खाण्याकडे आणि वजनाकडे लक्ष. पहिल्या दिवशी हात थरथरत होते, काका बाजूला उभे राहिले, पण पेपर काकूंनीच बदलला.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन. चिडला होता, शेपटीवरून नाही, लपवण्यावरून. "आई, मी काय तुला ओरडलो असतो का?" काकू म्हणाल्या, "मला वाटलं तू मला परत काही सांभाळायला देणार नाहीस." तिकडे शांतता. मग त्याने विचारलं की टिश्यू प्लेन आहे ना, सेंटवाला नको, आणि दाराची खाच त्याने व्हिडिओ कॉलवर बसून काकांकडून दुरुस्त करून घेतली, तासभर.

शेवटच्या भेटीत काकू वही घेऊन आल्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन: ४९ ग्रॅम, ४९, ५१, ५४. नवी शेपूट आखूड आणि गुळगुळीत, मुळ्याच्या टोकासारखी, तिच्यात मणक्यांऐवजी कूर्चा असते आणि आधीसारखी ती दिसणार नाही. काकूंना ती बघताना अजून कसंतरी होतं. पण फोटो त्यांनीच काढलाय, अगदी जवळून, आणि मुलाने तो त्याच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकलाय.