दुसरी सायकल घ्या, पण हप्त्यावर नको

नाशिकच्या एका वाचकाने विचारलं आहे. वय ३८, अंबड एमआयडीसीत नोकरी, हातात पगार ७२,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता २१,०००, एसआयपी १०,०००, घरखर्च ३२,०००. अडीअडचणीसाठी दीड लाख बाजूला आहेत. चार वर्षांपूर्वी घेतलेली हायब्रिड सायकल रोज कामावर नेतात, रविवारी त्र्यंबकपर्यंत जाऊन येतात. आता २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची आहे, म्हणून ९५,००० रुपयांची रोड बाइक १२ महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांवर घ्यायचं मनात आहे. पत्नीचं म्हणणं, एक चांगली सायकल असताना दुसरी कशाला?

पत्नीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण तो रास्त आहे. पहिल्या सायकलला जमत नाही ते काम करत असेल तरच दुसरी घ्यावी. तुमच्या हायब्रिडला मडगार्ड आहे, कॅरिअर आहे, खड्ड्यांना पुरे पडणारे जाड टायर आहेत. कंपनीच्या स्टँडवर दिवसभर उभी राहिली तरी जीव टांगणीला लागत नाही. रोड बाइकचं काम वेगळं: वाकलेलं हँडल, २५ ते २८ मिलिमीटरचे टायर, हलकं वजन, लांबचा पल्ला. दोघींची कामं एकमेकींत मिसळत नाहीत, म्हणून तुमची निवड मला पटते. दुकानदार ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारी जाड टायरची रोड बाइक, सुचवेल. ती उत्तम असते, पण हायब्रिडची निम्मी कामं तीच करेल आणि जुनी सायकल जिन्याखाली पडून राहील. ग्रॅव्हल घ्यायची तर हायब्रिड विकून घ्या.

पण बीआरएमसाठी ती आजच हवी का? २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. थांबे धरून ताशी १५ किलोमीटरची सरासरीही पुरते. हायब्रिडवर हे अंतर पार करणारे पुष्कळ जण आहेत. ३२ मिलिमीटरचे गुळगुळीत टायर, नव्या ट्यूब आणि नीट सर्व्हिसिंग, एवढं साधारण चार-पाच हजारांत होईल. पहिली बीआरएम याच सायकलवर करा. आठ-नऊ तास खोगीरावर बसणं आवडतं का, पाठ काय म्हणते, हे ९५,००० घालण्याआधी कळलेलं बरं.

आता हप्ता. तुमच्याकडे महिन्याला ९,००० उरतात, हप्ता ७,९१७. म्हणजे वर्षभर हातात हजारभर रुपये. त्यात क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट, पेडल, पंप, दिवे यांचे १५-२० हजार कुठून आणणार? ते क्रेडिट कार्डावर जातात आणि तिथे व्याज खरंच लागतं. 'नो कॉस्ट' हे नावही फसवं आहे. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात, पण क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांत त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता, बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीही. शिवाय रोखीने घेणाऱ्याला दुकानदार जे सोडतो, ते तुम्हाला मिळत नाही.

मला जास्त काळजी त्या दीड लाखाची आहे. गृहकर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ५३,००० लागतात, म्हणजे तुमची शिल्लक तीन महिनेही पुरत नाही. एमआयडीसीतल्या नोकरीत आणि घरी कर्ज असताना ही उशी फार पातळ आहे.

म्हणून दहा महिने थांबा. उरणाऱ्या ९,००० पैकी ६,००० ची रिकरिंग सायकलसाठी, ३,००० आपत्कालीन निधीत. एसआयपीला हात लावू नका. दिवाळीचा ४५,००० बोनस मिळतो असं लिहिलं आहे, त्यातले २०,००० सायकलला, २५,००० निधीला. दहा महिन्यांनी सायकलचे ८०,००० जमतील आणि निधी दोन लाख पाच हजारांवर, चार महिन्यांच्या जवळ जाईल. ८०,००० मध्ये सामानासकट सगळं बसवा, म्हणजे सायकल ६०-६५ हजारांची. अ‍ॅल्युमिनिअमची फ्रेम आणि साधे गिअर बीआरएमला पुरतात. वापरलेली मिळाली तर जरूर बघा, मात्र मूळ बिल आणि फ्रेम नंबर जुळवून घ्या. कार्बनची फ्रेम जुनी घेऊ नका, आतली चीर डोळ्यांना दिसत नाही. आणि सवलतीपेक्षा मापाकडे बघा. चुकीच्या मापाची सायकल स्वस्तात मिळाली तरी महागच पडते.

दुकानात एक गोष्ट आवर्जून विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ९५,००० ही जुन्या करासहची छापील किंमत असेल, तर निव्वळ करकपातीने ती सुमारे ८९,००० व्हायला हवी.

एका गोष्टीसाठी मात्र दहा महिने थांबू नका. पहाटेच्या अंधारात महामार्गावर सायकल चालवणाऱ्या, कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाकडे वैयक्तिक अपघात विमा हवाच. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. नसेल तर याच महिन्यात घ्या, आणि स्पर्धा किंवा साहसी खेळ पॉलिसीतून वगळले आहेत का, बीआरएम त्यात मोडते का, हे कंपनीकडून लेखी मागून घ्या.