आधी वीजबिल माग

ग्रीन बॉण्डच्या, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी काढलेल्या कर्जरोख्यांच्या, कामात नवीन आहेस, म्हणून मनापासून सांगते. कंपनीचा गुळगुळीत अहवाल बाजूला ठेव, पैसा नेमका कुठे गेला ते शोध. ॲपलने 2016 मध्ये दीड अब्ज डॉलरचे ग्रीन बॉण्ड काढले, त्यांचे खर्चाचे अहवाल नीट वाचून काढ. मग नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या एखाद्या डेटा सेंटरवर जा. छतावरचं सोलर सगळेच दाखवतात. तू वीजबिल माग, थंडावा देणाऱ्या यंत्रापाशी, म्हणजे चिलरपाशी, उभी राहा, मागच्या अंगाला रांगेने लावलेले डिझेल जनरेटर मोज. पीयूई (डेटा सेंटरची एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज) 1.6 म्हणजे सर्व्हरच्या एका युनिटमागे आणखी 0.6 युनिट जातं, त्यातलं बरंचसं थंडाव्यावर. हा आकडा खाली आणणारं कर्ज मला नव्या इमारतीच्या हिरव्या प्रमाणपत्रापेक्षा केव्हाही मोलाचं वाटतं. आणि हो, या पैशातून जुनंच कर्ज फेडणार आहेत का, हे पहिल्याच बैठकीत विचार.