गाजर केशरी कधी झालं, आणि त्यात राजपुत्राचा हात किती

तुमचे प्रश्न दोन आहेत. ऑरेंज घराण्याच्या राजपुत्राच्या सन्मानासाठी डच लोकांनी गाजर केशरी केलं, हे खरं का? आणि घरी धरलेल्या बियाण्यातून फिकट, चिवट गाजरं का निघाली? दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच दडलंय, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

रानगाजर युरोपात आणि पश्चिम आशियात आजही तणासारखं माजतं. मूळ पांढरं, बारीक, उग्र वासाचं. धने, जिरं, ओवा यांच्याच कुळातलं हे झाड, त्यामुळे माणसाने आधी त्याचं बी वापरलं असावं असं मला वाटतं. स्वित्झर्लंडमधल्या प्रागैतिहासिक वस्त्यांत गाजराचं बी सापडलं, म्हणून लोक तेव्हापासून गाजर खात होते असं कुणी लिहिलं तर लगेच मान डोलवू नका. बी सापडलं म्हणजे मूळ खाल्लं असं होत नाही. ग्रीक-रोमन ग्रंथांतही वर्णन गाजराचं की पार्स्निपचं (गाजराच्याच कुळातलं, पांढऱ्या मुळाचं झाड), हे पुष्कळदा ठरवता येत नाही.

खाण्याजोगं, जाड मुळाचं गाजर मध्य आशियातलं, इराण-अफगाणिस्तानच्या पट्ट्यातलं. त्याचा माग साधारण दहाव्या शतकापासून लागतो, आणि रंग जांभळा किंवा पिवळा. निकोलाय वाविलोव्ह या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथली विविधता पाहून हा निष्कर्ष काढला होता. पुढे जनुकीय अभ्यासांनीही मध्य आशियाकडेच बोट दाखवलं. तिथून ते अरबांबरोबर पश्चिमेला गेलं. बाराव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम या शेतीवर लिहिणाऱ्या लेखकाने लाल आणि पिवळ्या गाजरांची तुलना करून लाल जास्त रसाळ असल्याचं नोंदवलंय.

आता केशरी. नेदरलँड्स आणि आसपासच्या चित्रकारांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत बाजाराची चित्रं भरपूर काढली, आणि गाजराचा रंग कसा बदलत गेला याचा उत्तम पुरावा तोच. त्या काळात पिवळ्या गाजरांतून केशरी गाजरं निवडली गेली. डच बागायतदारांनी ती स्थिर केली, चांगले वाण काढले. होर्न या डच शहराच्या नावाचे वाण अठराव्या शतकात प्रसिद्ध होते. हे श्रेय त्यांचंच. पण त्यामागे राजपुत्राचा सन्मान होता असं सांगणारा त्या काळचा एकही कागद नाही. ती गोष्ट मागाहून चिकटवलेली. शिवाय 512 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये तयार झालेल्या, डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या हस्तलिखितात केशरी वाटावं असं मूळ रंगवलेलं आहे, म्हणजे तो रंग अधूनमधून आधीही उगवत असणार. जांभळा रंग शिजवताना पाण्यात उतरतो, केशरी तसा उतरत नाही. माझ्या मते स्वयंपाकघराने राजापेक्षा जास्त काम केलं.

(गाजराने अंधारात दिसतं, हीसुद्धा अशीच फुगवलेली गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या रात्रीच्या यशामागे रडार होतं, प्रचारात मात्र गाजर पुढे केलं गेलं. अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर गाजराचा उपयोग होतो, एवढंच खरं.)

2023 मध्ये 630 नमुन्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. केशरी रंग यायला तीन जनुकं बंद पडलेली असावी लागतात, असं त्यात दिसलं. तुमची अडचण इथेच आहे. रानगाजराचा पांढरेपणा प्रभावी असतो, म्हणजे संकरात तोच वरचढ ठरतो, आणि गाजराचं परागीभवन कीटक करतात. तुमचं झाड फुलोऱ्यात असताना जवळपास रानगाजर फुललं असेल, तर पुढची पिढी फिकट आणि लाकडासारखी निघणारच. बियाणं विकणारे म्हणूनच शेतांत काही किलोमीटरचं अंतर ठेवतात. तुम्ही निदान परिसरातली रानगाजरं फुलण्याआधी उपटा. गाजर पहिल्या वर्षी मूळ धरतं आणि दुसऱ्या वर्षी फुलतं, तेव्हा पहिल्याच वर्षी फुलाचा दांडा काढणाऱ्या झाडाचं बी अजिबात धरू नका.