टँकातलं समुद्रफूल उपटू नका हो!

प्रश्न : सर नमस्कार, मी रत्नागिरीचा. दीड वर्ष झालं 150 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, दोन क्लाउन मासे आणि थोडे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ). लाइव्ह रॉकवर (जिवंत जीव असलेला समुद्री दगड) एक छोटं समुद्रफूल उगवलं, ओहोटीला खडकात दिसतात तसलंच, आई म्हणाली छान दिसतंय राहू दे. नंतर ते शेजारच्या कोरलला टोचायला लागलं म्हणून ब्लेडने खरवडलं, तर महिन्याभरात तिथे चौदा-पंधरा झाली! चुलतभाऊ म्हणतो पानाचा चुना लाव. लावू का, की दगडच उकळून काढू?

उत्तर : दादा, दगड उकळायचा विचार आधी डोक्यातून काढा. दगडावर झोअँथिड (बटणासारखे छोटे प्रवाळासारखे जीव) असतील तर त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं, उकळताना ते वाफेबरोबर घरभर होतं आणि माणसं हॉस्पिटलात पोचतात.

आता ओळख. रंग तपकिरी, अर्धवट पारदर्शक, देठ लांब, वर बारीक टोकदार टेंटॅकल (तंतूसारखे हात), आणि बोट जवळ नेलं की झटकन भोकात गायब, असं असेल तर ते एप्टेशिया नावाचं उपद्रवी समुद्रफूलच. टेंटॅकल आखूड, जाडसर आणि टोकाला गोळी असेल तर मजानो, हे दुसरं उपद्रवी समुद्रफूल. पण नळीतून पिसाचा पंखा बाहेर काढणारा फॅन वर्म पण असाच आत पळतो, तो गरीब बिचारा आहे, त्याला मारू नका.

ब्लेडने पंधरा का झाली? एप्टेशियाच्या बुडाचा कण जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवीन उगवतं. मी पण एकदा चिमट्याने उपटायला गेलो होतो, नंतर सहा महिने निस्तरत बसलो. म्हणून हिला जागेवरच मारायची.

चुलतभावाचं अगदीच चूक नाही बरं का, चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि रीफवाले (कोरलचा टँक ठेवणारे) कालकवासर या नावाने वापरतात तेही तेच. फक्त पानाच्या डबीतल्या चुन्यात वास-बिस काय घातलंय कळत नाही, म्हणून शुद्ध पावडर घ्या, आरओच्या पाण्यात टूथपेस्टपेक्षा जरा पातळ कालवा, मेडिकलमधून सिरिंज आणा, हातात ग्लोव्हज, डोळ्याला गॉगल, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही. पंप बंद करा, सुई हळूच तोंडाजवळ न्या, सावली पडली की ती आत जाते म्हणून घाई नको, तोंडावर पेस्ट सोडा की ती स्वतःच गिळत आकसते, मग सगळं भोक बुजवा. पंधराएक मिनिटांनी पंप चालू. एका दिवशी दोन-तीनच हं, सगळ्यांना एकदम दिलं तर पाण्याचा पीएच वर उडतो आणि मासे तळमळतात.

आणि खाणं कमी करा, जास्तीचं खाणं तिलाच पोसतं. पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया खाते, पण दुकानात त्याच नावाखाली कॅमल कोळंबी गळ्यात मारतात, ती पाठीला कुबड असलेली, अंगावर पांढऱ्या पट्ट्या नि ठिपके, आणि ती तुमचे सॉफ्ट कोरलच कुरतडेल. पेपरमिंट मजानो खाईलच असं धरू नका.

प्रश्न : दुकानातल्या दगडात ही भानगड येते, मग मालवणच्या खडकावरून दगड आणले तर? – देवगड

उत्तर : नको. समुद्रफुलं तिकडच्या दगडातही असणारच, शिवाय मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, दगडाबरोबर प्रवाळाचा तुकडा आला तर फुकटचं लफडं मागे लागेल. सुका (जिवंत जीव नसलेला) रॉक घ्या, वर पाण्यातली घाण पचवणाऱ्या बॅक्टेरियाची बाटली टाका, अमोनिया नि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबा. मग कोरलचा प्रत्येक प्लग (कोरल चिकटवलेला छोटा तुकडा) उलटा करून भिंगाने बघा, ही चोरटी तिथेच खालच्या बाजूला लपून येतात.